खोबरं जरा जास्त भाजलंय

शिरूर,
२ एप्रिल २०२५

॥ खंडेराया, सांभाळ ॥

सौ. आक्कांना तेजश्रीचा वाकून नमस्कार.

डबा उघडलात की वर करंज्या दिसतील. खालच्या कप्प्यात कागदाखाली हे पत्र आहे, म्हणून डबा सृष्टीच्या हाती देऊ नका. ज्ञानेशभाऊ भाजीचा टेंपो घेऊन बाजाराला आले होते, त्यांच्याबरोबर पाठवतेय. फोन केला असता, पण तुमचा फोन लेकीकडे, सृष्टीकडेच असतो आणि ती आलेला मेसेज सगळ्या घराला वाचून दाखवते. इथून बोलावं तर आमची घरमालकीण कुशाबाई जिन्यात लसूण सोलत बसलेली. एवढा लसूण ती खाते कधी, देव जाणे. पत्राला आवाज नसतो.

लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला माजघरात नेऊन म्हणाला होतात, "सत्या माझा धाकटा भाऊ, पर मी त्याला वळखून हाय. काई झालं तर आधी मला सांग, मग तुझ्या आईला." म्हणून आधी तुम्हाला सांगते. आक्का, मला ह्यांचा संशय येतोय.

तुम्ही हसाल. तुम्हाला आमचं माहीतच आहे. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा चेष्टा केली होती, की हे दोघं नवराबायको न्हाईत, आचाऱ्याची जोडी हाय. हे कंपनीतून आले की हातपाय धुऊन कांदा चिरायला बसायचे. रविवारी कैऱ्या किसायच्या, गच्चीवर पापड वाळत घालायचे, रात्रीच्या भाताचा सांडगा करायचा. सिनेमाला गेलो नाही, हॉटेलात गेलो नाही. माझ्या हिशोबाच्या वहीत 'बाहेरचं खाणं' ह्या पानावर दोन वर्षांत एकदा उसाचा रस आहे, तोही तुम्ही पाजलेला.

आणि माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय मी चव बघत नाही. चवच काय, मुद्दाम वासही घेत नाही. वास घेतला तरी उष्टं होतं असं माझी आई म्हणते. मग हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि म्हणायचे, "वास आपण व्हऊन बाहेर येतो, त्येला कोण अडवणार?" तिथूनच सांगायचे, "हिंग राहिला," "डाळीला अजून एक उकळी पायजे," "कांदा उतरव, करपतोय." त्यांच्या नाकाच्या भरवशावर मी रांधायचे. कंपनीतसुद्धा त्यांना मसाला भाजायच्या भट्टीवर घेतलंय ते नाकामुळेच. जूनमध्ये पर्मनंट करू, असं साहेब म्हणालेत.

आता दोन महिने झाले असतील, हे उंबऱ्यात उभे राहत नाहीत. जेवायला बसले की एकच शब्द, झकास. आमटी झकास, पिठलं झकास. परवा मी तूप कढवत होते आणि दारात दूधवाला आला. हे शेजारी बसलेले. परत आले तर बेरी काळी झालेली, घरभर धूर, आणि हे मोबाइल बघतायत. म्हटलं, "अहो, करपलं की!" तर दचकले. म्हणाले, "ध्यान नव्हतं." ध्यान कुठं होतं?

पाडव्याला मोगऱ्याचा गजरा माळला. गेल्या साली खाली रस्त्यावरून म्हणाले होते, "आज मोगरा का?" ह्या साली शेजारून गेले आणि विचारलं, "पाणी भरलं का?"

आणि अत्तर! सकाळी बसला जाण्याआधी बगलेत, मानेवर, रुमालावर इतकं फवारतात की कुशाबाईला शिंका येतात. मसाल्याच्या भट्टीवर कुणासाठी अत्तर?

पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. काल कंपनीतून आले आणि डबा ठेवता ठेवता म्हणाले, "वाटण छान होतं. खोबरं जरा जास्त भाजलंय, पर कांद्यानं सांभाळून घेतलं." खोबरं खरंच जास्त भाजलं होतं. पण आक्का, हे वाक्य पुरुषाचं नाही. हे बाईचं वाक्य आहे.

आबांना नमस्कार. डबा रिकामा पाठवू नका, म्हणजे उत्तरही पाठवा.

तुमची,
तेजश्री


खुटबाव,
७ एप्रिल

चि. तेजूस सरूआक्काचा आशीर्वाद.

करंज्या संपल्या. तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. म्हशीशिवाय कुणी बघितलं न्हाई.

अगं, लग्नाला दोन वर्सं झाली की समदे बाप्ये झकास म्हणाया लागत्यात. आमचं मालक तर झकास बी म्हणत न्हाईत, ताट सारत्यात. मी समजते, जेवण बरं होतं. तू अजून नवी हाईस म्हणून तुला कौतुकाची सवय. गजऱ्याचं म्हणशील तर मला शेवटचा गजरा ह्यांनी कवा आणला ते खंडोबालाच ठावं. आन् आमचा मळा फुलांचा!

असं लिहून पत्र बंद करणार होते. मग तो तुपाचा मजकूर परत वाचला.

सत्या ल्हान असताना शेजारच्या आळीत भाकर करपली तर हा इथनं सांगायचा. आई म्हणायची, ह्याच्या तोंडावर नाक न्हाई, नाकावर तोंड हाय. त्याच्या शेजारी तूप करपतं आन् त्याला कळत न्हाई? म्हंजी मन ठिकाणावर न्हाई. आन् अत्तर तर मला बिलकूल पटलं न्हाई. आमच्या घराण्यात कुणी अत्तर लावल्यालं न्हाई. घाम आला तर आंघोळ करायची, हे आमचं अत्तर.

तू गप ऱ्हा. भांडू नगं, रडू तर बिलकूलच नगं. बाप्याला रडताना दिसलीस की तो हुशार होतो. ज्ञानेशला मी सांगितलंय. तो मसाल्याला मिरची घालतो त्याच कंपनीत, आत गेटापतुर जातो. त्याला म्हटलं, माझ्या भावाला बघून ये, वाळलाय का ते सांग. मुद्दा सांगितला न्हाई, पर ज्ञानेशला मुद्दा लागतच न्हाई.

डब्यात गवार आन् थोडी झेंडूची फुलं. देवाला घाल.

सरूआक्का


शिरूर,
१४ एप्रिल

आक्कांना नमस्कार.

गवार आली, फुलं देवाला वाहिली. मी भांडले नाही. रडलेही नाही, निदान ह्यांच्या समोर.

पण मी एक परीक्षा घेतली. पाप लागेल तर लागो. परवा डब्याला वांग्याची भाजी केली आणि शेंगदाण्याच्या कुटाऐवजी कारळं घातलं. घरात ती भाजी ठेवलीच नाही, सगळी डब्यात. संध्याकाळी आले आणि पायातले बूट काढता काढता म्हणतात, "आज कूट नव्हतं, कारळं व्हतं. बरोबर का?" बरोबर! मग त्याच रात्री जेवायला मी मुद्दाम आमटीत गोडा मसाला घातलाच नाही. नुसती चिंच-गूळ आणि फोडणी. दोन वाट्या प्याले. "झकास."

आता सांगा. कंपनीत जीभ चालते आणि घरात आली की बंद पडते, असं कसं?

दुसरं, ह्यांना मिरचीचं वेड लागलंय. ठेचा रोज पाहिजे, तोही पाट्यावरचा, झणझणीत. भाकरीबरोबर कच्ची मिरची दातानं तोडतात. डोळ्यांतून पाणी वाहतं आणि चेहरा असा की देव दिसला. पापड, कुरडई, कच्चा कांदा, कैरीची फोड, जे कुरकुरेल, झोंबेल तेवढं खातात. पुरणपोळी केली तर अर्धीवर उठले. कुशाबाईला हे जिन्यातूनच कळलं. म्हणाली, "पोरी, माणसाला कुणी काई खायला घातलं की असंच व्हतं. लिंबू उतरव." मी म्हटलं, "मावशी, आमच्या घरात लिंबू सरबताला लागतं." तोंडावर म्हटलं खरं, पण मारुतीला तेल घालून आले.

रात्री विचारलं, "तुम्हाला माझ्या हातचं आवडेनासं झालंय का?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "असं का म्हणतीस? तुझ्या हातचं म्हंजी..." पाण्याची मोटर बघायला म्हणून गच्चीवर गेले. मोटर खाली आहे.

तेजश्री


खुटबाव,
१९ एप्रिल

तेजू,

ज्ञानेश काल येऊन गेला. हे वाचताना बसून वाच.

कंपनीच्या गेटाच्या आत लिंबाचं झाड हाय म्हणं. तिथं जेवणाच्या सुट्टीत सत्या बसल्याला, आन् शेजारी बाई. डोक्याला ती कंपनीची जाळी लावल्याली, वय तुझ्याहून थोरलं, दिसायला बरी. सत्यानं तुझा डबा उघडला आन् आधी तिच्या म्होरं केला. तिनं घास घेतला, डोळं मिटलं, मग त्याच्याकडं वाकून काईतरी बोलली. हा मान हलवतोय, जसं मास्तर सांगतोय आन् पोरगं शिकतंय. मग ती उठून गेली. ज्ञानेशनं हमालाला विचारलं, तर त्यो म्हणाला, "वो तो रोज का है भैया. भट्टी पे भी वो साथ में खडी रहती है." तिचं नाव रुपाली.

माझ्या तर अंगाचा जाळ झाला. माझ्या भावजयीनं पहाटं उठून रांधायचं, आन् पयला घास हिनं खायाचा?

तू म्हणालीस बाईचं वाक्य हाय. तुझं खरं निघालं.

आता तू काई बोलू नगस. रविवारी मी त्याला इथं बोलवून घेते. विहिरीवरच्या मोटरीचं निमित्त सांगीन. मोटर मीच बंद पाडती. उसाच्या कांडक्यानं झोडपीन, मग विचारीन.

सरूआक्का


खुटबाव,
२३ एप्रिल

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

सत्यजीत रविवारी येऊन गेला. मोटर दुरुस्त झाली. त्याची तब्येत बरी आहे.

आपण समजतो तसं काही नाही. ज्ञानेशला नीट दिसलं नसेल. तू मनात काही आणू नकोस. कुरडयांचे गहू भिजत घातलेस का? ऊन चांगलं आहे, उरकून घे.

गॅसजवळ तू स्वतः असत जा.

डब्यात कलिंगडाच्या फोडी.

आक्का


शिरूर,
२७ एप्रिल

आक्का,

तुमचं पत्र मिळालं. मी ते पुनःपुन्हा वाचलं, कारण ते तुमचं वाटेना. अक्षर तुमचं, पण त्यात एकही 'हाय' नाही, एकही शिवी नाही. आशीर्वादसुद्धा 'अनेक'. तुम्ही ह्यांना सत्यजीत कधीपासून म्हणायला लागलात? आणि उसाच्या कांडक्याचं काय झालं?

ज्ञानेशभाऊंना नीट दिसलं नसेल म्हणता. त्यांना नीट दिसलं नसतं तर जाळी दिसली नसती, मिटलेले डोळे दिसले नसते.

मला कळलं. रक्ताचं ते रक्ताचं. भाऊ समोर येऊन बसला, दोन अश्रू ढाळले असतील, आणि बहीण विरघळली. तुमची चूक नाही. मीसुद्धा माझ्या भावासाठी हेच केलं असतं. पण मग मला म्हणायला नको होतं, की आधी मला सांग. मी माझ्या आईच्या आधी तुम्हाला सांगितलं, तेच चुकलं.

आणि ते 'गॅसजवळ तू स्वतः असत जा' म्हणजे काय? स्वयंपाक सोडून मी जाते कुठं?

हे खुटबावहून आले ते डोळे सुजवून. मी विचारलं, "आक्का काय म्हणाल्या?" म्हणाले, "मोटरीत माती गेली होती." म्हणजे दोघांनी मिळून एकच मोटर धरून ठेवलीय.

आता माझं ठरलंय ते ऐका. अक्षय तृतीयेला पितरांचं पान माझ्या हातून वाढते, कारण ते कर्तव्य आहे. दुसऱ्या दिवशी मी पाबळला माहेरी जाते. भांडून नाही, सांगून जाते. ह्यांनी मला थांबवून खरं काय ते सांगितलं तर थांबेन. नाहीतर मग ह्या घरात कुणाच्या हातचं शिजतं ते रुपालीबाईंनी ठरवावं. पिशवी भरून ठेवलीय. कुरडया केल्या नाहीत. ज्या घरात राहायचं की नाही हेच माहीत नाही, तिथं वर्षाच्या कुरडया कशाला?

हे पत्र रागानं लिहिलंय. मोठ्या आहात, माफ करा. पण फाडून पुन्हा लिहिणार नाही.

तेजश्री


शिरूर,
१ मे

आक्का,

मी पाबळला गेले नाही.

काल अक्षय तृतीया. सकाळी पूजेला केळीचं पान कमी पडलं म्हणून बाजारात गेले, येताना मारुतीला गेले. ह्यांना सुट्टी. निघताना म्हणाले, "तू ये सावकाश, डाळ मी लावतो." मी मनात म्हटलं, बघा, शेवटचा गोडवा.

परत आले. जिन्यात कुशाबाई नव्हती, लग्नाला गेलेली. तिसऱ्या पायरीवर मला गॅसचा वास आला. वर पाचव्या पायरीवर डोकं गरगरलं इतका वास. पिशवी टाकली आणि धावले. दार लोटलेलं, खिडक्या उन्हासाठी बंद. पातेल्यातली डाळ उतू जाऊन शेगडीवर सांडलेली, ज्योत विझलेली, आणि बटण तसंच चालू. आणि हे, आक्का, हे शेगडीपुढं उभे, फडक्यानं डाळ पुसून झालेली, हातात लायटर.

मी ओरडले ते काय ओरडले मला आठवत नाही. लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, ह्यांना हाताला धरून जिन्यात ओढून आणलं. हे विचारतायत, "काय झालं? काय झालं?"

मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही?"

हे पायरीवर बसले, अगदी कुशाबाईच्या जागेवर, आणि म्हणाले, "न्हाई."

"गॅसचा?"

"कशाचाच न्हाई. माघात ताप आला, तवापासनं. मोगऱ्याचा न्हाई, हिंगाचा न्हाई, माझ्या घामाचा बी न्हाई. म्हणून अत्तर लावतो, लोकांना त्रास नको. जिभेला खारट कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी समदं कागद चावल्यागत."

डॉक्टरला एकट्यानंच दाखवून आलेत. कधी परत येतो, कधी येत नाही, म्हणाले. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी तुम्हाला शपथ घातली, तेही सांगितलं. ते 'गॅसजवळ' आता मला कळलं.

मी म्हटलं, "आणि रुपाली?"

म्हणाले, "ती पॅकिंगला असती. भट्टीवर मसाला उतरायची वेळ मला कळंना. एक घाणा करपला. ती तिथनं चालली होती, म्हणाली, दादा, झालं की ओ! तिला समजलं. तवापासनं ती खुणावती. कुणाला बोलली न्हाई. जूनपतुर सांभाळायचं म्हणून."

"आणि माझा डबा?"

मान खाली घातली. "तू रांधतीस चव न बघता, माझ्या भरवशावर. मी म्हणालो असतो की माझं नाक गेलं, तर तू भीत भीत रांधलं असतंस. आधी माझं नाक गेलं, मग तुझा हात गेला असता. म्हणून तिला इचारायचो, आज काय कसं झालंय. तेच घरी येऊन सांगायचो. रात्रीच्या जेवणाला ती नसायची, मग झकास म्हणायचो."

आक्का, मी रडेन असं तुम्हाला वाटेल. मला इतका राग आला! म्हटलं, "म्हणजे इतके दिवस माझं कौतुक दुसरीनं केलं आणि तुम्ही नुसते पोष्टमन?" ह्यांना हसू आलं. मला नाही आलं. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. मी भांडू कुणाशी? माझ्या नवऱ्याला माझ्या गजऱ्याचा वास येत नाही हे कंपनीच्या पॅकिंगवालीला माहीत, आणि मला माहीत नाही.

पान वाढलं. पितरांना दुपार झाली. पिशवी अजून भरलेलीच आहे. उचलली नाही आणि मोकळीही केली नाही. संशय गेला, पण विश्वास त्या जागी आपोआप येऊन बसत नाही. आज सकाळी हे म्हणाले, "चहा छान झालाय." मी कपाकडं बघत बसले. खरं म्हणतात की माझ्या मनासाठी?

तेजश्री


खुटबाव,
५ मे

तेजू माझी बाय,

तुझं पत्र गोठ्यातच वाचलं. देवानं राखलं.

मला त्यानं माझ्या पोरीच्या, सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवाया लावला. म्हणाला, "आक्का, जूनपतुर." मी त्याला कांडकं घेऊनच बसले होते. पर तो म्हणाला, "आक्का, तुझ्या घरात आलो तरी मला आईच्या घराचा वास येत न्हाई," आन् माझा हातच उचलंना. त्या दिवशीचं पत्र मी तीनदा लिहिलं. खोटं लिहायचं म्हणून शाळेतल्या भाषेत लिहिलं. तू लगीच वळखलंस. बरं झालं.

पर गॅसचं मी सरळ लिहायला पायजे व्हतं, शपथ गेली खड्ड्यात. एवढं कळतं मला.

आता ऐक. तुझा राग खरा हाय, तो लगीच सोडू नगस, न्हाईतर ह्यो पुन्यांदा काईतरी लपवील. आन् पिशवीचं म्हणशील तर ती भरल्याली ऱ्हाऊ दे. माझी मी पाच वर्सं भरून ठेवली होती. उंदरानं कुरतडली तवा मोकळी केली.

सत्याला सांग, साहेबाला आपण व्हऊन सांग म्हणावं. भट्टीवर माणसं असत्यात. आज डाळ, उद्या काय जळंल?

सरूआक्का


शिरूर,
२० मे

॥ श्री खंडेराया ॥

आक्कांच्या पायी नमस्कार, आबांनाही.

डब्यात कुरडया आहेत. गहू उशिरा भिजत घातले, पण ऊन कडक होतं, एका दिवसात खडखडीत वाळल्या. चीक हाटायला हेच बसले. वास नाही तर नाही, मनगट आहे ना.

ह्यांनी साहेबांना सांगितलं. दोन दिवस पाय मागंपुढं केले, मग मी म्हटलं, "मी येऊ का बरोबर?" तर घाईनं गेले. साहेब रागावले, की आधी का नाही बोललास. भट्टीवरून काढून ह्यांना गोदामात दिलंय. पर्मनंटचं जूनमध्ये बघू म्हणाले, होईल की नाही देव जाणे. आणि भट्टीवर रुपालीला घेतलं. बाई म्हणून पहिलीच.

ती रविवारी आमच्या घरी आली. मीच बोलावलं. म्हटलं, बघावं तरी तोंड. थोराड बाई, दोन पोरांची आई, नवरा रिक्षा चालवतो. उंबऱ्यातच म्हणाली, "ताई, मारायचं असलं तर आधी पाणी द्या, उन्हातनं आलेय."

मी पाणी दिलं. म्हटलं, "माझ्या डब्याचा पहिला घास तुम्ही खात होता."

"व्हय. आन् माझ्या घरी माझ्या हातचं पोरांना आवडंनासं झालं, त्याला तुम्ही जबाबदार. आमटी कशी करता ते आधी सांगा."

"खोबरं जास्त भाजलंय म्हणाला होतात."

"भाजलंच व्हतं की!"

"भाजलं होतं," मी म्हटलं. मग आम्ही दोघी हसलो. हे खाली मान घालून कलिंगड कापत होते. तिला मी कबूल केलं नाही, पण मला थोडा हेवा अजून वाटतो. वाटू दे. कुरडयांचा एक पुडा तिला दिला.

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून तेच तेच वास घ्यायचे. लवंग, लिंबू, वेलदोडा, कापूर. नाकाला पुन्हा शिकवायचं, म्हणाले. मी एकेक पुढं धरते आणि हे सांगतात. रोज चारही वासांना "न्हाई." मी तोंडावर काही दाखवत नाही, पण आक्का, डबीचं झाकण लावताना माझा हात जड होतो. ह्यांनाही ते कळत असणार.

काल संध्याकाळी मी समोर बसले. ह्यांनी डोळे मिटले. मी धरलं. हे म्हणाले, "लवंग?"

लवंगच होती! मी अशी उठले की पाट उलटा झाला. "आला? आला वास?" असं म्हणत देवघराकडं निघाले, निरांजन लावायला. हे डोळे उघडून माझ्याकडं बघत होते. मी इतकी हसत होते, आक्का, आरशात नाही पण मला जाणवत होतं. ह्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी त्या रात्री सगळ्या आळीला साखर वाटली असती.

आणि हे म्हणाले, "तेजू, थांब. न्हाई आला. लवंगेच्या डबीचं झाकण घट्ट हाय, उघडताना कट् आवाज झाला. त्यावरनं अंदाज मारला. वास न्हाई आला."

मी काडी पेटवलेली होती. ती हातात तशीच जळत गेली.

आणि मग मी निरांजन लावलंच. देवापुढं साखर ठेवली. देवानं विचारलं असेल, पोरी, कसली साखर, नवऱ्याचं नाक आलं का? मी म्हटलं, नाक नाही आलं. पण "न्हाई आला" असं म्हणाले.

रात्री पिशवी मोकळी केली. वरच्या दोन साड्यांना घडीचे डाग पडलेत, उद्या धुऊन गच्चीवर टाकेन.

तुमची,
तेजश्री